चितमपल्लींचे नवेगाव राहिलेच



वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांच्यावरील गेल्या अंकातला स्मृतिलेख मनापासून लिहिलेला आहे. सोलापुरातला १९३२ चा जन्म, २००६ चे साहित्य संमेलनाध्यक्षपद, २०२५ ची पद्मश्री आणि त्याच वर्षी १८ जूनला झालेले निधन, सगळे त्यात आले. नवेगावबांध मात्र एका ओळीत आटोपले, आणि गोंदियाकरांचा आक्षेप नेमका तिथेच आहे.

चितमपल्लींच्या नोकरीच्या काळात हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये झाला. जुन्या नोंदींवर विसंबणाऱ्यांकडून हे निसटते. पण ‘नवेगावबांधचे दिवस’ हे चितमपल्लींचे पुस्तक तर डोळ्यांसमोर आहे! कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तिथल्या तलावाकाठी त्यांना माधवराव पाटलांसारखा जाणता सोबती भेटला. पाखरे, मासे, वनस्पती यांची गावकऱ्यांच्या तोंडची नावे त्यांनी आदराने टिपली. अधिकारी असून ते धिवर-गोंडांकडून शिकत राहिले, ही त्यांची खरी थोरवी.

१९९० मध्ये ते निवृत्त झाले, पण लेखणी थांबली नाही. पक्षिकोश सिद्ध झाला. आईचे आणि मामांचे ऋण त्यांनी ‘चकवाचांदण’मध्ये मायेने मांडले, अखेरची वर्षे सोलापुरात पुतण्याच्या कुटुंबात गेली.

पुढील अंकात नवेगावबांधवर स्वतंत्र लेख यावा. त्यांना पाहिलेली म्हातारी माणसे इथे अजून आहेत. त्यांच्याशी आताच बोलायला हवे.

– एक वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया