क्रेडिट : एका शब्दाची पत



गेल्या महिन्यात लातूरला एका स्नेह्यांच्या आडत दुकानात बसलो होतो. त्यांची नात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "आजोबा, कॉलेजात आम्हाला क्रेडिट मिळतात, बाबांना जीएसटीत क्रेडिट मिळते, काका क्रेडिट कार्ड वापरतात आणि पासबुकात पैसे आले की तिथेही क्रेडिटच लिहितात. हा एकच शब्द आहे की चार वेगवेगळे?" त्या वेळी मी थोडक्यात उत्तर दिले. उरलेले येथे मांडतो.

शब्द एकच आहे. लॅटिनमध्ये 'क्रेडेरे' म्हणजे विश्वास ठेवणे आणि 'क्रेडिटुम' म्हणजे विश्वासाने सोपविलेली वस्तू. इटालियन व फ्रेंच भाषांतून हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. द्विनोंदी हिशेबपद्धतीचे विवेचन करणारा लुका पाचोली यांचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिस येथे छापला गेला, तोही इटलीतील व्यापाऱ्यांच्या वह्यांचाच काळ होता. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला तो 'क्रेडिटर', म्हणजे आपला धनको. लॅटिनमधील 'देणे लागणे' या अर्थाच्या क्रियापदापासून 'डेबिट' व 'डेटर' हे शब्द झाले. डेटर म्हणजे ऋणको.

येथे अनेकांचा एक गोंधळ सुटतो. पासबुकात जमेला क्रेडिट म्हणतात, मग आपल्या वहीत तीच रक्कम बँकेच्या खात्याला डेबिट का पडते? कारण पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा आहे. तिच्या वहीत आपण धनको आहोत, तिच्यावर विश्वास टाकणारे. आपल्या वहीत बँक ऋणको आहे. नोंद एकाच व्यवहाराची; फक्त वही कोणाची, हे पाहावयाचे.

या शब्दाचे एक नाते आपल्या अधिक जवळचे आहे. संस्कृतातील 'श्रद्धा' आणि लॅटिनमधील 'क्रेडो' ही एकाच मुळाची अपत्ये होत. 'श्रत्' आणि 'धा', म्हणजे एखाद्या ठिकाणी हृदय ठेवणे, असा मूळ अर्थ बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तत्त्वार्थसूत्राच्या आरंभी सम्यग्दर्शनाची व्याख्या श्रद्धान या शब्दाने केली आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो आहोत. तोच धातू वहीच्या जमेच्या बाजूला बसलेला असेल, हे मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नसावे.

मराठीत या सगळ्याला आपण 'पत' म्हणतो. हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्याने स्थापन झाली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून मराठवाड्याचा व्यापार पेढी आणि हुंडी यांवर चालत होता. हुंडीचा एक प्रकार 'शहाजोग'. तिचे पैसे कोणाही आणणाऱ्याला मिळत नसत. बाजारात ज्याची प्रतिष्ठा आहे अशा 'शहा'लाच ते मिळत. म्हणजे कागद पुरेसा नव्हता, कागद आणणाऱ्याची पतही लागे. आज 'शहाजोगपणा' म्हणजे साळसूदपणाचा आव. शब्दाचीही पत जाते, ती अशी.

आता एक आठवण. २०१४ च्या सुमारास मी लातूरला शाखेत असताना एक तरुण धान्यव्यापारी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागण्यास आला. वडिलांपासूनचे खाते आणि उलाढाल चोख; परंतु क्रेडिट स्कोअर फारच कमी. तपासता कळले की, तो एका मित्राच्या वाहनकर्जाला जामीन राहिला होता आणि मित्राने हप्ते थकविले होते. तो म्हणाला, "साहेब, मी एक रुपयाही उचललेला नाही. मग माझी पत कशी गेली?" मी नियम सांगितला आणि अर्ज परत केला. तो काही न बोलता निघून गेला. त्या हंगामात त्याने खाजगी सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलल्याचे मागाहून कानी आले.

नियम बरोबरच होता. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. परंतु उत्तर अपुरे होते. मी त्याला म्हणावयास हवे होते, 'बाळ, तू पैसे घेतले नाहीस हे खरे. पण तू त्याहून मोठी वस्तू मित्राला उसनी दिलीस.' त्याची शिल्लक किती, हे मला संगणकावर दिसत होते. त्याने काय गमावले आहे, ते त्या दिवशी मला दिसले नाही.

जीएसटीतील इनपुट टॅक्स क्रेडिटचेही तेच आहे. माल आपण घेतला, कर आपण चुकता केला. तरी विकणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात ते बिल दाखविले नाही, तर आपले क्रेडिट अडते. आपली जमा दुसऱ्याच्या सचोटीवर अवलंबून आहे. विद्यार्थिनीचे श्रेयांक म्हणजे तिने अभ्यास केला आहे, ही विद्यापीठाने दिलेली ग्वाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही हे काम अमक्याचे, याची ग्वाहीच असते. प्रत्येक अर्थात विश्वास ठेवणारा दुसराच कोणीतरी आहे.

म्हणूनच पत ही आपली मालमत्ता नव्हे. ती इतरांनी आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने 'न्यासापहार', म्हणजे ठेव बुडविणे, आणि 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा कागद करणे, हे दोन्ही गणले आहेत. व्यापारी श्रावकाला याहून स्पष्ट काय सांगावे?

व्यवहारापुरते दोन शब्द. नात्यातील असो वा मैत्रीतील, भिडेखातर जामिनाची सही करू नका. केलीच असेल, तर त्या खात्याचा उतारा दर तीन महिन्यांनी मागून पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मिळतो. दिवाळीच्या वहीपूजनाआधी तोही वाचावा.

त्या मुलीने शेवटी विचारले, "मग क्रेडिट कार्डावर कंपनीने कोणावर विश्वास ठेवला, काकांवर की त्यांच्या पगारावर?" मी हसलो. याचे उत्तर तिच्या काकांनीच द्यावे.

पुढील अंकी 'इंटरेस्ट' या शब्दाचा जमाखर्च मांडू.