अर्जात अर्जदार दिसावा

बारावीची परीक्षा संपत आली की माझ्याकडे एकाच प्रकारची विचारणा सुरू होते. कोणी पाटण्याहून लिहितो, कोणी गुवाहाटीहून, कोणी नागपूरहून. ‘सर, प्रवेशाचा अर्ज भरायचा आहे, तो भक्कम कसा करू?’ प्रवेश समित्यांवर आणि मुलाखतींच्या मंडळांवर अनेक वर्षे बसल्यामुळे या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मला देता येते. पण ते देताना दरवर्षी एक खंत मनात राहते. जी माहिती महानगरातल्या मुलाला जेवणाच्या टेबलावर, आईवडिलांच्या बोलण्यातून मिळते, तीच जिल्ह्याच्या गावातील मुलीला अनोळखी प्राध्यापकाला पत्र लिहून मागावी लागते.

एकेकाळी दिल्ली विद्यापीठात अर्ज ही औपचारिकता होती. गुणपत्रिका बोलायची, बाकी सारे गप्प बसायचे. २०११ मध्ये श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने वाणिज्य शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी १०० टक्क्यांची पात्रतारेषा जाहीर केली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. २०२१ पर्यंत अनेक महाविद्यालयांत तो आकडा दिसू लागला आणि खळबळही उडेनाशी झाली. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश ‘सीयूईटी’ या सामायिक परीक्षेवर होऊ लागले. मराठीसह १३ भाषांत ही परीक्षा देता येते. दिल्ली विद्यापीठात बारावीचे गुण आता मुख्यतः पात्रतेपुरते आणि समान गुण असलेल्यांमध्ये निवड करण्यापुरते उरले आहेत. ही व्यवस्था चांगली की वाईट, हा वाद चालूच राहील. मात्र तिचा एक परिणाम निर्विवाद आहे. गुणांइतकेच महत्त्व आता निर्णयांना आले आहे आणि हे निर्णय सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना, बहुधा एकट्यानेच, घ्यावे लागतात.

पहिला निर्णय तर अर्जाच्या दोन वर्षे आधीच होऊन जातो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स अभ्यासक्रमासाठी सीयूईटीत गणित लागते. दहावीनंतर ‘कला शाखेला गणित कशाला’ म्हणून ज्याने ते सोडले, त्याला हे दार बंद झाल्याचे अर्ज भरतानाच कळते. म्हणून माझा पहिला सल्ला अकरावीतल्या विद्यार्थ्याला असतो. हव्या त्या तीन-चार विद्यापीठांच्या माहितीपुस्तिका आत्ताच वाचा. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतात, ते एका कागदावर लिहून काढा. या अटी विद्यापीठागणिक वेगळ्या असतात आणि वर्षागणिक बदलतात. ऐकीव माहितीवर विसंबू नका.

दुसरा निर्णय पसंतिक्रमाचा. दिल्ली विद्यापीठाच्या सामायिक जागावाटप पद्धतीत विद्यार्थी अभ्यासक्रम आणि महाविद्यालय यांच्या जोड्या क्रमाने नोंदवतो आणि गुणवत्तेनुसार त्याला शक्य ती सर्वांत वरची पसंती मिळते. अवघड महाविद्यालय वर लिहिले, तर खालचे हातचे जाईल, ही भीती सार्वत्रिक आहे आणि निराधारही. यादी मनातल्या खऱ्या क्रमानेच भरावी आणि लांब भरावी. धोका आहे तो दुसरीकडे. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर विद्यार्थी प्रक्रियेबाहेर फेकला जातो. ‘अपग्रेड’चा पर्याय निवडून वरची जागा मिळाली, तर आधीची जागा परत मिळत नाही. म्हणून ज्या जागी खरोखर जायचे नाही, ती जागा यादीत वर लिहू नये.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. सल्ल्यांच्या पुस्तकांत तिला ओळभरही जागा नसते, पण मी पाहिलेली सर्वाधिक हळहळ तिथलीच आहे. इतर मागासवर्गाचा नॉन-क्रीमीलेअर दाखला किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचे लागते. राज्याच्या यादीतला प्रवर्ग केंद्राच्या यादीत असतोच असेही नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. १ एप्रिल उजाडला की तहसील कार्यालयाची वाट धरावी. नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रात आहे तशीच सर्वत्र आहे ना, हे अर्ज उघडण्याआधी तपासावे. चांगले गुण असलेल्या मुलाला एका शिक्क्यासाठी हक्काची जागा गमावताना पाहणे, यासारखी हतबलता नाही.

आता निबंधाकडे येतो. अशोका विद्यापीठासारख्या खासगी संस्था निबंध मागतात, मुलाखत घेतात. परदेशी विद्यापीठांचा तर तो रिवाजच आहे. येथे सल्ल्याचा बाजार सर्वांत तेजीत आहे. घसघशीत शुल्क घेऊन निबंध ‘घडवून’ देणारे आहेत. आता ते काम यंत्रही चुटकीसरशी करते. परिणामी आमच्यापुढे येणारे शेकडो निबंध एकाच साच्यातून निघालेले असतात. नेतृत्व, आव्हान, अपयश आणि त्यातून घेतलेली शिकवण, सारे काही त्यांत असते. नसतो तो फक्त लिहिणारा.

काही वर्षांपूर्वी एका मुलाखतमंडळावर असताना बिहारच्या पूर्णिया जिल्ह्यातील एक मुलगी आमच्यासमोर बसली होती. तिच्या अर्जात वक्तृत्वस्पर्धा, स्वच्छता अभियान, सहभागाची सहा प्रमाणपत्रे होती. उत्तरेही पाठ केलेली. मी सहज विचारले, ‘शाळेतून घरी गेल्यावर काय करता?’ ती जरा ओशाळली. वडील गुलाबबागच्या बाजारात मका विकायला नेतात, त्यांचा हिशेब मी ठेवते, म्हणाली. मग सांगू लागली की, मक्यात ओलावा जास्त निघाला की भाव कापतात. पण एकाच गाडीतल्या मक्याचा ओलावा दोन आडत्यांकडे वेगवेगळा निघतो, असे तिच्या लक्षात आले होते. दोन हंगाम तिने दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले होते आणि त्या वहीच्या आधारे वडील आता घासाघीस करत होते. खोलीतले आम्ही तिघे प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकून ऐकत होतो. मी विचारले, ‘हे अर्जात का लिहिले नाही?’ ती म्हणाली, ‘सर, हे तर घरचं काम आहे.’

त्या वहीत निरीक्षण होते, शंका होती, पुरावा गोळा करण्याची चिकाटी होती आणि त्याचा उपयोग करण्याचे धैर्यही होते. समाजशास्त्राच्या पदवीला याहून चांगला प्रारंभ कोणता? तिला प्रवेश मिळाला. पण तो सहज विचारलेल्या एका प्रश्नामुळे मिळाला, ही गोष्ट मला अजून टोचते. मी तो प्रश्न विचारला नसता तर?

म्हणून निबंध लिहिणाऱ्यांना मी एवढेच सांगतो. मोठे शब्द सोडा आणि आपण प्रत्यक्ष केलेले, पाहिलेले एक काम नेमकेपणाने सांगा. धाकट्या भावंडाला शिकवणे, दुकान सांभाळणे, आजारी आजीची औषधे पाहणे ही लपवण्याची कामे नव्हेत. सहा प्रमाणपत्रांपेक्षा एका गोष्टीला दिलेली दोन वर्षे अधिक बोलतात. निबंध शिक्षकाला वाचून दाखवा, चुका दुरुस्त करून घ्या. पण दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच ते उघड होते. शिफारसपत्र मागताना शिक्षकांना आपल्या कामाचे पानभर टिपण द्या. साठ मुलांच्या वर्गात त्यांना सारे आठवेलच असे नाही.

परंतु सल्ला देऊन आपली जबाबदारी संपत नाही. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची तरतूद आहे, नव्या शैक्षणिक धोरणातही समुपदेशनाचा उल्लेख आहे. तरीही जिल्ह्याच्या सरकारी शाळेत हे काम बहुधा कोणाचेच नसते. प्रत्येक उच्च माध्यमिक शाळेत एका शिक्षकाला प्रशिक्षण आणि आठवड्यातले ठरावीक तास देऊन ते सोपवता येईल. त्याला फार मोठा निधी लागणार नाही. परीक्षा १३ भाषांत घेता येते, तर माहितीपुस्तिका आणि विषयांच्या अटी त्याच भाषांत वर्षभर आधी जाहीर करायला अडचण कोणती? आणि आम्ही प्राध्यापकांनीही आपल्या अर्जांतील प्रश्न तपासून पाहावेत. ‘तुमचे छंद कोणते’ याच्या जोडीने ‘घरची कोणती जबाबदारी तुमच्यावर आहे’ हेही विचारावे.

भक्कम अर्ज म्हणजे ज्यात अर्जदार दिसतो तो अर्ज. तो तसा लिहिणे हे विद्यार्थ्याचे काम आहे. पण आपल्या कामाला किंमत आहे, हे त्या मुलीला परक्या शहरातल्या मुलाखतीत नव्हे, तर तिच्या शाळेतच कोणीतरी सांगायला हवे होते.