ट्रक एकट्याने चालवावा की जोडीने?



गाळप हंगाम आटोपला की ऊस वाहतुकीच्या गाड्या रिकाम्या होतात. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने चालू असतो. म्हणून आपल्याकडचे बरेच गाडीमालक मुंबईची वाट धरतात. जाताना साखरेची पोती भरून वाशीच्या बाजारात किंवा न्हावा शेवा बंदरात उतरायची, आणि येताना कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळई नाहीतर पत्रा भरायचा, असा हा धंदा. भाड्याला भाडे मिळते, हे चांगलेच आहे. परंतु गटात फिरताना उसाच्या बेण्याखालोखाल आम्हास हल्ली एकच प्रश्न ऐकू येतो : "साहेब, पोरगा एकटा धाडावा की दुसरा ड्रायव्हर द्यावा?" प्रश्न ऊस विकासाचा नाही, हे खरे. पण ज्या घरचा ऊस त्याच घरचा पोरगा. तेव्हा उत्तर टाळणे बरे नव्हे.

प्रथम मालकाची बाजू. दुसरा ड्रायव्हर म्हणजे दुसरा पगार, दुसरा भत्ता, दुसरे जेवण. डिझेल, टायर, टोल आणि विमा यांनी भाड्यातले निम्मे-शिम्मे आधीच खाल्लेले असते. त्यात आणखी एक वाटेकरी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. शिवाय जोडी जमली नाही तर रोजची कटकट. एक गिअर सांभाळून टाकणारा, दुसरा घाटात क्लच जाळणारा. मग गाडी बिघडली की दोष कोणाचा? एकट्याच्या हातची गाडी निगुतीने राहते, असे जुने ड्रायव्हर सांगतात, तेही खोटे नाही.

आता जरा तासांचा हिशेब करू. कोल्हापूर ते कळंबोली अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. भरल्या गाडीला घाट व थांबे धरून ताशी ३५ ची सरासरी मिळाली तरी दहा तास लागतात. पोरगा सकाळी सातला उठलेला असतो. दिवसभर गोदामापुढे पोती भरून घेत उभा राहतो आणि संध्याकाळी सातला निघतो. रात्री बारा वाजता खंबाटकीच्या आसपास पोचतो तेव्हा त्याला जागून सतरा तास झालेले असतात. पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो उतार, आणि पहाटे तीन-साडेतीनला बोरघाट. तेव्हा वीस तास होतात. म्हणजे वाटेतल्या दोन अवघड उतारांवर गाडी नेमकी डोळे सर्वांत जड असताना येते. त्यातच चार पैशांचे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की मग देवाचेच नाव घ्यायचे.

जागरणाचे मोजमाप झालेले आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके मंद चालतात. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. थेंबालाही न शिवलेला माळकरी पोरगा मध्यरात्रीनंतर अशा रीतीने प्यालेल्याच्या पंक्तीला जाऊन बसतो. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर आंधळी धावते. आंधळ्या गाडीपुढे दुसऱ्या कोणाचे तरी पोर असते, हेही ध्यानात ठेवावे.

कायद्यालाही हे ठाऊक होते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा असा नेम घालून दिला होता. आठ तासांचा तोच नेम २०२० च्या नव्या श्रमसंहितेतही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये राष्ट्रीय परवान्याच्या मालगाडीवर किमान दोन ड्रायव्हर सक्तीचे होते, आणि ड्रायव्हरच्या मागे दुसऱ्याला आडवे होता येईल अशी पूर्ण रुंदीची बैठक असावी लागे. २०१८ साली दोन ड्रायव्हरांची सक्ती उठवण्यात आली. सक्ती उठली म्हणून माणसाची झोप काही उठली नाही. सरकारने निर्णय मालकावर सोडला. तेव्हा जबाबदारीही मालकावरच आली.

मग दोन ड्रायव्हर दिले की काम झाले काय? तसेही नाही. चालत्या ट्रकमधली झोप ही झोपच नव्हे, नुसती गुंगी असते. युरोपातील देशांनी २००६ च्या नियमात हे ओळखले आहे. तेथे साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे लागते, आणि जोडीने जाणाऱ्यांचीही रोजची मुख्य विश्रांती गाडी उभी असेल तरच धरली जाते. तेव्हा जोडीदार हा झोपेला पर्याय नाही. तो फक्त जागरण वाटून घेतो.

दुसरे असे की क्लीनरला जोडीदार समजू नये. "थोडा वेळ धर रे" म्हणून लायसन नसलेल्या पोराच्या हाती स्टेअरिंग देण्याची खोड आपल्याकडे फार आहे. वीस वर्षांखालील मुलाला माल वाहतुकीची गाडी चालवता येत नाही, हा कायदा आहे. काही विपरीत घडले तर विम्याचा दावा कोर्टात अडकतो, आणि जमीन विकून भरपाई द्यायची वेळ बापावर येते.

यास्तव आमचे मत असे. एका दमात जाऊन येण्याचे भाडे असेल, म्हणजे माल उतरताच परतीला लागायचे असेल, तर दोन लायसनवाले ड्रायव्हर हवेतच. तेथे पगाराची काटकसर चालणार नाही. बैलजोडी जमवताना आपण दावणीला बांधून आधी पारखतो. तसे दोघांना आधी जवळच्या भाड्यावर सोबत पाठवून पाहावे. पाळी किती तासांची, रात्रीचा पहिला पहारा कोणाचा, कमाईचा वाटा किती, हे निघण्यापूर्वी ठरवावे. भाऊभाऊ असले तरी ठरवावे, किंबहुना भाऊभाऊ असले तर अधिक.

एकट्यालाच पाठवायचे असेल तर भाड्यात झोप धरावी. गाडी भरण्याचे काम मालकाने किंवा क्लीनरने पाहावे आणि ड्रायव्हरने तेवढा वेळ घरी झोपावे. मध्यरात्र ते पहाट गाडी चांगल्या जागी उभी करावी. पोचल्यावर सात-आठ तास पडल्याशिवाय परतीचा माल भरू नये. आणि घरच्यांनी "कुठं पोचलास, अजून किती वेळ?" असे फोन करून त्याला पळवू नये.

पण झोपायचे कुठे, असा रास्त प्रश्न येईल. कळंबोलीच्या चौकात द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता, शीव-पनवेल, मुंब्रा आणि न्हावा शेवा अशा सगळ्या वाटा एकत्र येतात. तेथील गर्दीत, उकाड्यात आणि हॉर्नच्या गोंगाटात केबिनमध्ये कोणास झोप लागणार? येथे सहकाराचे काम आहे. हार्बर मार्गावर मानसरोवर व पनवेल यांच्या मधले खांदेश्वर स्टेशन या चौकापासून जवळ आहे. त्या बाजूला, कामोठे-कळंबोलीत, सातारा-सांगलीकडची कितीतरी कुटुंबे नांदत आहेत. गाडीमालक सभासदांनी मिळून खांदेश्वरला एक साधी खोली भाड्याने घ्यावी. चार खाटा, पंखा, न्हाणी आणि चहाची सोय एवढे पुरे. क्लीनर गाडीपाशी राखणीला, ड्रायव्हर खोलीवर. एकट्याला न परवडणारी गोष्ट पंधरा-वीस गाड्यांत वाटली तर जड जाणार नाही. कारखानाही आपण असाच उभा केला.

हंगामातही हेच ध्यानात असू द्यावे. केन यार्डात नंबर लावून रात्रभर ताटकळणारा ड्रायव्हर विसावलेला नसतो. काट्यावरून मोकळा झाला की लगेच दुसऱ्या खेपेसाठी त्याच्या मागे लागू नये. तुटलेला ऊस लवकर गाळपाला यावा, असे सर्वांत मोठ्याने ओरडणारे आम्हीच. तरीसुद्धा सांगतो, ऊस चार तास उशिरा आला तर उतारा थोडा घटेल, आणि तो घाटा पुढच्या हंगामात भरून काढता येईल.

येत्या गट सभेत खोलीचा विषय मांडावा. ज्यांच्या गाड्या मुंबईस जातात त्यांनी आपली नावे गट कार्यालयात नोंदवावीत.

— ऊस विकास अधिकारी