विश्लेषण : टेस्टोस्टेरॉन घेतल्याने इरेक्टाइल डिसफंक्शन बरं होतं का?

‘टी-लेव्हल वाढवा’ सांगणारे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. थकवा असो, सुटलेलं पोट असो की लिंगाला ताठरता न येणं, सगळ्यावर एकच उपाय : टेस्टोस्टेरॉन. त्यात २०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकातला हृदयविकाराबाबतचा ठळक इशारा काढायला सांगितला. मग काय, ‘आता सगळं सेफ’ म्हणायला मोकळे!

पण हा निर्णय ज्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीवरून झाला, तिचे सगळे निष्कर्ष रील्समध्ये येत नाहीत.

या चाचणीत ४५ ते ८० वयोगटातले ५,२०० हून अधिक पुरुष होते. टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेले. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत ७ टक्के, तर औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत ७.३ टक्के निघालं. म्हणून तो इशारा गेला. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं हे प्रकार टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत जास्त दिसले. रक्तदाब वाढण्याचा इशाराही आता माहितीपत्रकात आहे.

आणि लैंगिक आयुष्याचं काय? इच्छा वाढली, संबंधांचं प्रमाणही वाढलं. ताठरतेत मात्र साध्या जेलच्या तुलनेत फरक पडला नाही.

असं का?

कारण ताठरता हा मुख्यतः रक्तप्रवाहाचा मामला आहे. नसांकडून इशारा मिळाला की लिंगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि तिथे रक्त भरतं. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या नेमक्या इथे काम करतात. डायबेटिस, बीपी किंवा सिगारेटने रक्तवाहिन्याच खराब झाल्या असतील, तर हार्मोन त्या उघडून देत नाही. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड आधी इथे जाणवू शकतो. ज्याला आपण ‘नपुंसकत्व’ म्हणून हिणवतो, ती कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. त्यामुळे शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासायलाच हवं.

मग हार्मोन कुणासाठी?

लक्षणं आहेत आणि वेगवेगळ्या दिवशी सकाळी केलेल्या दोन तपासण्यांत पातळी कमी आली, अशांसाठी. अमेरिकी युरॉलॉजिस्ट ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा धरतात. अशा रुग्णांत गोळ्यांच्या जोडीला टेस्टोस्टेरॉन दिल्यास गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो.

जिममधल्या ओळखीवर इंजेक्शन घेणाऱ्या तरुणांना एक गोष्ट बहुधा कुणी सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना काम करण्याचा संदेश पाठवणं कमी करतो. शुक्राणू घटतात, काहींमध्ये शून्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर या इंजेक्शनांची पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती! इंजेक्शन थांबवल्यावर शुक्राणू पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात. मूल हवं असलेल्यांना डॉक्टर त्यामुळेच सहसा हे औषध देत नाहीत.