आवाज मोठा, गाणं लहान

"भाऊ, अजून लाउड कर ना." नागपुरात बेडरूमलाच स्टुडिओ म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांनी हे ऐकलंय आणि निमूटपणे पाळलंयही. मीही पाळलं. मित्राच्या गाण्यावर कम्प्रेसर लावला, त्यावर लिमिटर, आणि वेव्हफॉर्म विटेसारखी चौकोनी होईपर्यंत दाबत गेलो. ढोलकी वाजवणाऱ्या काकांनी ऐकून एवढंच विचारलं, "माही थाप कुठी गेली बे?"

'लाउड म्हणजे प्रोफेशनल' ही थाप खरी मानून मी त्यांची थाप गिळली होती.

हे कम्प्रेशन म्हणजे एमपीथ्री करून फाइल लहान करणं नव्हे. थ्रेशोल्डच्या वर गेलेला आवाज कम्प्रेसर खाली खेचतो. रेशो ४:१ असेल तर ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. खेच किती लवकर बसेल, ते अटॅक ठरवतो. ढोलकीचा जीव पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो. अटॅक १ मिलिसेकंद ठेवलात की तो तिथेच चेपतो. ३० ठेवलात तर थाप निसटते आणि मागचा नाद दाबला जातो. शिकायचं ते हे. आपण मात्र प्रीसेटची नावं पाठ करतो.

वर मेकअप गेन आपल्याला फसवतो. किंचित मोठा आवाज कानाला बराच वाटतो. म्हणून कम्प्रेसर लावल्यावर आधी पातळी सारखी करा, मग बायपास दाबून ऐका. गाणं सुधारलं नसेल, तर काढून टाका.

"पण लोक बसमध्ये, फोनवर ऐकतात. हळू आवाज ऐकूच येत नाही." खरंय. म्हणून गायकाचा आवाज तीन-चार डेसिबल जरूर दाबा, शब्द कळू द्या. माझं भांडण कम्प्रेसरशी नाही, शर्यतीशी आहे. आणि ती शर्यत कधीच संपलीय. डीफॉल्ट सेटिंगवर स्पॉटिफाय गाणी साधारण -१४ एलयूएफएसवर आणतं. तुम्ही -७ वर मास्टर केलेलं गाणं ७ डेसिबल खाली येतं. ते शेजारच्या गाण्याइतकंच वाजतं, फक्त थापेविना. 'मेटालिका'ने २००८ साली 'डेथ मॅग्नेटिक' इतका दाबला, की खुद्द चाहत्यांनीच नव्याने मिक्स करायची मागणी केली.

सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला आपण वसंतराव देशपांडेंचं नाव दिलंय. १९६७ सालच्या 'कट्यार काळजात घुसली'तली त्यांची गाणी हेडफोन लावून ऐका. दबलेला स्वर आणि अचानक उसळलेली तान, यांच्यातल्या अंतरातच ते गाणं आहे. आपल्या प्रीसेटमधून गेली तर ती कट्यार बोथटच निघेल.

काकांचा ट्रॅक मी पुन्हा उघडला. लिमिटर सैल केला, अटॅक वाढवला. मित्र म्हणाला, "आवाज कमी झाला बे." म्हटलं, आवाज वाढवायचं बटण तुझ्या फोनला आहे. गेलेली थाप परत आणायचं बटण कोणाच्याच फोनला नाही.