न खेळलेल्या कसोट्यांची सरासरी

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. नेरमध्ये आमच्या एका बचत गटाची मासिक बैठक होती. ओसरीवर आम्ही चौदा-पंधरा जणी हप्त्यांचा हिशेब करत बसलो होतो. आत घरातली पुरुषमंडळी चहा घेत क्रिकेटवर बोलत होती. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला होता, त्यामुळे विषय तिथूनच निघाला. पण पाच मिनिटांत मुली मागे पडल्या आणि वाद नेहमीच्या वळणावर आला. कसोटीत सर्वांत मोठा फलंदाज कोण? गावसकर, सचिन की कोहली? आवाज चढले, आकडे फेकले गेले.

आमच्या गटाचं रजिस्टर एका सभासदाची नववीतली मुलगी लिहिते. आईला लिहिता येत नाही आणि हिचं अक्षर चांगलं आहे. तिने मान वर केली आणि मला विचारलं, "ताई, यांच्यात एकही बाई काहून नाही?" आतून कुणीतरी हसत म्हणालं, "बायांच्या कसोट्या असतात तरी का?"

मैत्रिणींनो, मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई. मजुरी, वारसाहक्क, घरातली मारहाण यांवर दोन-दोन तास बोलू शकते. पण या प्रश्नावर मी गप्प बसले, कारण मलाही माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं, वाचलं, आणि जे सापडलं ते क्रिकेटपुरतं नाही असं वाटलं, म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांना क्रिकेटचं वावडं आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगते. फलंदाजाचा मोठेपणा मोजायचं ठरलेलं माप म्हणजे सरासरी. एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या आकड्याने भागायचं. या मापाने सुनील गावसकर १२५ कसोटींत ५१.१२, सचिन तेंडुलकर २०० कसोटींत ५३.७८, विराट कोहली १२३ कसोटींत ४६.८५. पण वाद इथे संपत नाही, इथून सुरू होतो. कारण पिढ्या वेगळ्या. गावसकरांनी वेस्ट इंडीजचा तोफखाना हेल्मेटशिवाय खेळला. त्यांच्या आधीच्यांना पावसात भिजलेल्या, उघड्या खेळपट्ट्यांवर उभं राहावं लागलं. तेव्हा जाणकार म्हणतात की नुसते आकडे बघू नका, परिस्थितीही बघा.

हे अगदी बरोबर आहे. आपल्या विदर्भाचंच उदाहरण घ्या. सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. १९३२ साली भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा ते कर्णधार होते आणि त्यांचं वय होतं ३६. वाट्याला आल्या ७ कसोट्या, सरासरी फक्त २५. म्हणून कुणी त्यांना सामान्य फलंदाज म्हणतं का? नाही. १९२६ साली मुंबईत एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी ११ षटकार मारून १५३ धावा केल्या होत्या, ती खेळी आपण आठवतो. उमेदीच्या वर्षांत त्यांना कसोटी खेळायलाच मिळाली नाही, हे आपण हिशेबात धरतो.

विजय मर्चंट यांचंही तसंच. १९३२ च्या दौऱ्यावर ते गेले नाहीत, कारण देशाचे नेते तुरुंगात होते. १९३३ ते १९५१ या १८ वर्षांत त्यांना फक्त १० कसोट्या मिळाल्या. १९३६ ते १९४६ या काळात, मुख्यतः महायुद्धामुळे, भारत एकही कसोटी खेळला नाही. मर्चंट यांचं नाव निघालं की क्रिकेटप्रेमी हळहळतात. युद्धाने त्यांची ऐन बहराची वर्षं खाल्ली, नाहीतर काय काय केलं असतं, असं म्हणतात. ही हळहळ न्यायाची आहे. माझं म्हणणं इतकंच की हाच न्याय बायकांना लावून बघू.

भारतीय महिला पहिली कसोटी खेळल्या ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी, बंगलोरला, वेस्ट इंडीजविरुद्ध. त्याआधी १९७३ साली महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली होती आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात झाली होती. त्यात संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या काळच्या खेळाडू रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून जायच्या आणि सामायिक खोल्यांत मुक्काम करायच्या. आता मुख्य आकडा. १९७६ पासून २०२४ च्या जूनपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४८ वर्षांत, भारताच्या महिला संघाने खेळलेल्या कसोट्या किती? ४१. एका खेळाडूच्या नव्हेत, सगळ्या संघाच्या, सगळ्या पिढ्यांच्या मिळून ४१. एकट्या गावसकरांच्या कसोट्या याच्या तिप्पट आहेत. एकट्या सचिनच्या जवळजवळ पाचपट.

आता या ४१ कसोट्यांतल्या तीन पिढ्या बघा.

पहिली पिढी शांता रंगास्वामींची. त्या पहिल्या कर्णधार. जानेवारी १९७७ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १०८ धावा करून कसोटी शतक झळकावणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक कसोटी झाली आणि पुढची कसोटी आली थेट १९८४ साली. मधली सात वर्षं रिकामी. त्यांच्या एकूण कसोट्या १६.

त्यांच्या पाठोपाठ आल्या इंदूरच्या संध्या अगरवाल. १९८६ साली इंग्लंडमध्ये वुस्टरला त्यांनी १९० धावा केल्या. तोवर जगातल्या कुठल्याही बाईने कसोटीच्या एका डावात इतक्या धावा केल्या नव्हत्या. त्यांची सरासरी ५०.४५, गावसकरांच्या अगदी जवळची. पण कसोट्या १३. मी त्यांना गावसकरांच्या पंगतीला बसवत नाही. मला त्यातलं तेवढं कळत नाही. पण १३ कसोट्यांवरून कुणालाच ते ठरवता येणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

दुसरी पिढी मिताली राजची. २००२ च्या ऑगस्टमध्ये, १९ वर्षांची असताना, आपल्या तिसऱ्याच कसोटीत तिने इंग्लंडमध्ये टाँटनला २१४ धावा केल्या. तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. अशा मुलीला पुढे किती संधी मिळायला हव्या होत्या? ऑगस्ट २००६ नंतर भारताच्या महिला संघाची पुढची कसोटी झाली ऑगस्ट २०१४ मध्ये. मितालीची वयाची २३ ते ३१ ही वर्षं, फलंदाजाच्या भर उमेदीचा काळ, एकाही कसोटीविना गेली. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या वर्म्सली मैदानावर संघ उतरला तेव्हा ११ पैकी ८ जणींची ती पहिलीच कसोटी होती, आणि तरी त्या जिंकल्या! त्याच वर्षी नोव्हेंबरात म्हैसूरला आणखी एक कसोटी झाली. तिरुष कामिनीने १९२ केल्या आणि मुंबईच्या पूनम राऊतने १३०. पुढची कसोटी आली जून २०२१ मध्ये. पूनम साडेसहा वर्षं थांबली. १९२ करणाऱ्या कामिनीला पुन्हा कसोटी खेळायलाच मिळाली नाही. मिताली २०२२ मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिच्या कसोट्या होत्या १२.

मर्चंट यांच्या १८ वर्षांत १० आणि मितालीच्या सुमारे २० वर्षांत १२. मर्चंटांच्या मध्ये महायुद्ध आलं होतं. मितालीच्या मध्ये कुठलं युद्ध आलं होतं? त्याच वर्षांत पुरुषांचा संघ दरवर्षी कसोट्या खेळत होताच की.

तिसरी पिढी आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाची. वडील आणि भाऊ क्रिकेट खेळलेले. घरात बॅट होती आणि ती मुलीच्याही हातात देणारं घर होतं. २०१३ साली, १७ वर्षांची असताना, महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून तिने गुजरातविरुद्ध एका दिवसाच्या सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या. कसोटीत ती पहिल्यांदा उतरली त्याच २०१४ च्या वर्म्सलीत. जून २०२४ मध्ये चेन्नईला तिने १४९ केल्या आणि शेफाली वर्माबरोबर २९२ धावांची सलामी दिली. पण या दहा वर्षांत तिच्या कसोट्या झाल्या ७. नायडूंच्याही ७ होत्या. ते १९३२ ते १९३६ या काळात खेळले आणि ही २०१४ ते २०२४ या काळात. नव्वद वर्षांनंतर आपण बायकांना नायडूंच्या काळाइतकं आणून पोचवलं आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं. बायकांचे सामने बघायला कोण येतं? पैसा कुठून आणायचा? महिला संघटना गरीब होती तोवर हे निदान समजून घेता येत होतं. पण २००६ मध्ये महिला क्रिकेटचा कारभार देशाच्या मुख्य क्रिकेट मंडळाकडे आला. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळांपैकी हे एक. वर सांगितलेली आठ वर्षं कोरडी गेली ती त्यानंतरची. म्हणजे प्रश्न तिजोरीचा नव्हता. दाखवलंच नाही तर बघायला कोण येणार? आणि कुणी बघत नाही म्हणून दाखवायचं नाही. बाईच्या कामाबाबत हे चक्र आपण सगळ्याच क्षेत्रांत पाहिलेलं आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने जाहीर केलं की स्त्री-पुरुष खेळाडूंना सामन्याचं मानधन सारखंच मिळेल. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, वीस षटकांच्या सामन्याला ३ लाख. निर्णयाचं स्वागतच आहे. पण आपल्यापैकी ज्या रोजगार हमीच्या कामावर बायकांबरोबर उभ्या राहिल्या आहेत त्यांना यातली गोम लगेच कळेल. बाई-पुरुषाला दर सारखा लिहिलेला असतो. पण वर्षातून कामाचे दिवस किती, हे विचारल्याशिवाय मजुरी कळत नाही. दर समान आणि दिवस नाहीत, तर हातात काय पडणार? कसोटीच्या १५ लाखांचं तेच आहे. समान मानधनाची पुढची पायरी समान संधी ही आहे, आणि ती मागायला आपण विसरलो आहोत.

काही मैत्रिणी म्हणतील, क्रिकेट हा बाजाराचा खेळ. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यांची काळजी आपण कशाला करायची? आपल्या तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाईचे प्रश्न काय कमी आहेत? मलाही आधी तसंच वाटायचं. पण मैदान हा बाजाराच्या आधीचा प्रश्न आहे. मुलीने मोकळ्या जागेवर धावावं, ओरडावं, घामाघूम व्हावं, चार जणींच्या खांद्यावर हात टाकावा आणि यासाठी दिवसातला एक तास तिचा स्वतःचा असावा, हा तो प्रश्न आहे. जवळच्याच अमरावतीची भारती फुलमाळी आणि नागपूरची मोना मेश्राम भारताकडून खेळल्या. म्हणजे आपल्या मातीत गुण नाहीत असं नाही. मैदानापर्यंत पोचतात किती, हे कुणी मोजलेलं नाही.

आमच्या रजिस्टरवाल्या मुलीचंच बघा. ती बॅटिंग बरी करते. शाळेचं मैदान संध्याकाळी मुलांच्या संघाला असतं. मुलींनी मागितलं तर "तुमच्या दहा जणी तरी येतील का?" असं उत्तर मिळालं. आणि येत नव्हत्या हे खरंच होतं. गटातल्या आम्ही सहा जणी शाळेत जाऊन बसलो. दोन संध्याकाळी मागितल्या, एक मिळाली. शनिवारची.

मी तिला एवढंच सांगितलं की कोण मोठं हा वाद आतल्यांना करू दे, तू नोंद ठेव. बचत गटाच्या रजिस्टरसारखीच तिने एक वही आखली. तारीख, किती आल्या, कोण आल्या नाहीत, का आल्या नाहीत. पहिल्या शनिवारी ७ आल्या. न आलेल्यांच्या शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं आहे: पाणी भरायचं होतं. धाकट्या भावाला सांभाळायचं होतं. कापूस वेचायला गेली. बाबा नाही म्हणाले.

मैत्रिणींनो, हा रकाना कुठल्याही फलंदाजाच्या सरासरीत नसतो. आपापल्या गावात अशी एक वही सुरू करा. गावात मैदानं किती, त्यावर मुली किती, येत नाहीत त्या का येत नाहीत, हे लिहून ठेवा. ग्रामसभेत आणि शाळेच्या पालकसभेत ती वही वाचून दाखवा. पुढच्या पिढीतल्या मुलीची तुलना कुणी गावसकर-सचिनशी करायला बसलं, तर निदान तिच्या खेळलेल्या सामन्यांचा आकडा लाज वाटण्याजोगा नसावा.