शेगडीचा नियम आणि विजेचा भरवसा

नव्या घरास ऊब कशाने द्यावी, हा प्रश्न आपणांपैकी बहुतेकांस दूरचा वाटेल. स्कॉटलंडमध्ये मात्र याच प्रश्नाने शासनास स्वतःचा नियम नऊ महिन्यांत बदलावयास लावला.

१ एप्रिल २०२४ पासून तेथे नवीन घराच्या बांधकाम परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यास गॅस वा तेलाच्या बॉयलरबरोबरच लाकूड जाळणाऱ्या बंद शेगडीसही मज्जाव झाला. (आपल्याकडील काश्मीर-लडाखची बुखारी ही तिचीच बहीण.) जुनी घरे यातून वगळलेली होती. आणीबाणीसाठी पर्यायी व्यवस्था ठेवण्याची मुभाही होती. परंतु आणीबाणी कशास म्हणावे, आणि शेगडी केवळ तेव्हाच पेटते हे पाहावयाचे कोणी?

प्रदूषण घटविण्याचा हेतू निर्विवाद चांगला. तथापि नोव्हेंबर २०२१ मधील 'आर्वेन' वादळात ब्रिटनमधील सुमारे १० लाख घरांची वीज गेली आणि जवळजवळ ४,००० घरांस ती आठवड्याहून अधिक काळ मिळाली नाही. हीट पंप विजेवर चालतो. गॅसच्या बॉयलरलाही पंप व नियंत्रक चालविण्यास वीज लागतेच. अशा वेळी डोंगराळ भागातील वा बेटावरील कुटुंबापाशी उरते ती लाकडाची शेगडीच. ग्रामीण जनतेने आवाज उठविला आणि १ जानेवारी २०२५ पासून लाकूड व पीट यांस पुन्हा अनुमती मिळाली. गॅस व तेलावरील बंदी कायम राहिली.

ही माघार योग्यच होती, असे माझे मत आहे. मात्र लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांस घातक असतात, हेही विसरता येत नाही. एडिंबरोच्या सदनिकेत शेगडी ही बहुधा हौस असते. हेब्रिडीजच्या बेटावर ती विमाच होय. दोघांस एकच नियम लावणे मला पटत नाही, मग तो बंदीचा असो वा सरसकट मोकळिकीचा. ज्या भागात वीज वारंवार व दीर्घकाळ जाते तेथे शेगडीस निःसंकोच परवानगी द्यावी. शहरात मात्र कसोटी कडक असावी.

कर्ज विभागात काम करणाऱ्यास यात आणखी एक बाब खुपते. गृहकर्ज पंधरा-वीस वर्षांचे असते आणि घर त्याहून दीर्घायुषी. त्या नऊ महिन्यांत ज्यांनी नियमास अनुसरून धुराड्याविना आराखडे केले, त्यांस आता शेगडी हवी असल्यास बांधलेले छत वा भिंत फोडावी लागेल आणि तो भुर्दंड त्यांच्याच शिरी बसेल. नियम मोडण्याऐवजी पाळणाऱ्यास तोशीस पडावी, हे मला अनुचित वाटते.

लेह, मनाली वा श्रीनगरकडे घर बांधू इच्छिणाऱ्या आपल्या ग्राहकांनी बुखारीचे धुराडे पहिल्याच नकाशात व अंदाजपत्रकात दाखवावे. मागाहून केलेला हा खर्च मंजूर कर्जात सहसा बसत नाही. आणि धुराड्याविना बुखारी पेटविल्यास बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, ज्यास ना रंग, ना वास.